आखाजीचा ‘दे’

आमच्या घराण्यातलं विलायतेला जाऊन आलेलं पहिलं माणूस म्हणजे माझी आत्या. ती स्वतः जन्मात जळगावच्या पुढे गेली नाही. गेलं ते तिचं तोंड आणि तिचे दोन हात, सिनेमाच्या फितीवर बसून. तिकडे कुठल्या कुठल्या शहरांत कोट घातलेल्या लोकांनी खुर्च्यांवर बसून ते पाहिले, तिच्याबद्दल काहीबाही मत करून घेतलं आणि आपापल्या घरी जेवायला गेले. त्यातल्या एकालाही तिचं नाव माहीत नव्हतं. नाव होतं सखू. पण नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ती थोरली बहीण, म्हणून घरात लहानथोर सगळे तिला अक्का म्हणत. मीही तेच म्हणायची. आता त्या दिवसांतलं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि माझीही पाळी लांब नाही, तेव्हा हे लिहून ठेवलेलं बरं.

आम्ही धुळ्याला दोन खोल्यांत राहत होतो. नाना शाळेत मास्तर. पुढच्या खोलीत त्यांचं टेबल, तपासायच्या वह्यांचे गठ्ठे आणि चरखा. मागच्या खोलीत चूल, जातं, माय आणि मी. मला जाग यायची ती मायच्या जात्यानं. जातं थांबलं की भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा, आणि तेवढ्यात पुढच्या खोलीतून नानांच्या चरख्याची कुरकुर. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, त्यावर शेंगदाण्याच्या तेलाची धार. हिवाळ्यात वांग्याचं भरीत, तेही इतकं तिखट की जेवताना कोणाला रडू आलं तर ते कशाचं हे कळायचं नाही. नाना जेवताना बोलत नसत, पण एका विषयावर त्यांचं तोंड सुटायचं. धुळ्यात चित्रं यायची. सिनेमाला आमच्या घरी ‘चित्र’च म्हणत. त्यांत साहेबांच्या मुलखात तयार झालेलीही असत आणि कधीमधी त्यांत हिंदुस्थान असायचा. साप असायचे, राख फासलेला साधू असायचा, हत्तीवरचा लबाड राजा असायचा, आणि शेवटी एका गोऱ्या बाईला सोडवायला गोरा साहेब धावत यायचा. असलं चित्र पाहून आले की नाना ताट बाजूला सारत. “एवढं वय झालं, मी अजून हत्तीवरचा राजा पाहिला नाही,” ते म्हणत, “आणि तिकडच्या पोरांना वाटतं, आम्ही सकाळी उठून हत्तीचे दात घासतो!” माय पदराआड हसायची, त्यानं ते जास्तच भडकायचे. “हसू नका. आपलं तोंड दुसऱ्यानं रंगवून जगभर हिंडवलं जातंय, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.”

त्यामुळे श्रीधरपंत आमच्या दारात उभे राहिले तेव्हा नानांना देव भेटल्यासारखं झालं. श्रीधरपंत मुंबईच्या एका चित्र-कंपनीचे मालक, खादीचे कपडे, जाड चष्मा, बोलणं अगदी मऊ. ते गावोगाव हिंडून एक चित्र करत होते. त्यात कथा नव्हती, नट-नटी नव्हत्या. खरा हिंदुस्थान होता, आणि तो दाखवायचा होता विलायतेत. “त्यांनी आपल्याला फार दाखवलं, मास्तर,” ते म्हणाले, “आता आपण आपल्याला दाखवू.” दोन दिवस ते आमच्याकडे राहिले. मायच्या हातचं भरीत खाऊन त्यांच्या डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहिलं, तरी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून कोणालाही उलटंच वाटेल. जाताना नाना त्यांना म्हणाले, “खरा हिंदुस्थान हवा ना? मग आखाजीला आमच्या गावी चला.” आतून मायनं तव्यावर उलथणं आपटलं. तिला नानांच्या पुढचं दिसलं होतं.

आखाजी म्हणजे बाहेरच्या लोकांची अक्षय्य तृतीया. खानदेशात हा लेकींचा सण. सासरी नांदणारी प्रत्येक लेक या दिवसांत माहेरी येते. तिला आणायला गाडी जाते, आणि जिला आणायला कोणी जात नाही तिचं दुःख गावोगाव माहीत असतं. आमचं गाव पारोळ्याजवळ, बोरी नदीच्या काठावर. अक्काची गाडी आली की आधी तिचा आवाज यायचा, मग बैलांच्या घुंगरांचा. ती जळगावच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरात दिलेली, थोरली सून; तिथे म्हणे ती इतकी हळू बोलायची की चुलीपुढे बसलेलीलाही दोनदा विचारावं लागे. ते ऐकून आम्हाला हसू यायचं. गावी आली की लिंबाला बांधलेल्या झोक्यावर उभी राहून ती पार आभाळात जायची आणि तिचं गाणं वेशीपर्यंत ऐकू यायचं. दुपारी परसात मांड्यांचा घाट. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायची आणि उपड्या खापरावर टाकायची, हे काम अक्कासारखं कोणाला जमत नसे. मांडे, आमरस, सार, कुरडया. जेवून सगळ्या बायका जागच्या जागी लवंडायच्या. वर्षभरातली तेवढी एकच दुपार त्यांना कोणी उठवत नसे.

दुसऱ्या दिवशी गौराई बोळवायला नदीवर जायचं, आणि तिथे असायची ती गंमत. बोरीत त्या दिवसांत पाणी म्हणजे मधोमध एक ओहळ. अल्याड आमच्या गावच्या बायका, पल्याड समोरच्या गावच्या. गौराई बोळवली की दोन्ही काठांवरून शिव्यांची लढाई सुरू. शिव्या गाण्यातल्या, यमकाच्या. मनात राग कोणाच्याच नाही. या दिवशी पुरुषांनी नदीकडे फिरकायचं नाही हा नियम, कारण वर्षभर तोंडावर पदर धरणाऱ्या बायका तिथे जे बोलत ते नवऱ्याच्या कानावर पडायचं नसतं. आमच्या काठाची पुढारी अक्का. तिची एक शिवी ठरलेली: “तुन्ही सासू गधडावर बसनी, शेपूट धरीसन गावभर हिंडनी!” आणि मग दोन्ही हात पुढे पसरून सगळ्या जणी ओरडायच्या, “दे! दे! दे!” म्हणजे जवाब दे. आमची शिवी पोचली, आता तुमची येऊ दे. जवाब आला नाही तर तो काठ हरला.

नानांनी अक्काला कसं राजी केलं ते मी ऐकलं आहे, मी तिथेच चिंचा सोलत बसले होते. अक्का म्हणाली, “मना आवाज जाई का विलायतले?” नाना म्हणाले, “नही व, आवाज नही जास. फक्त तोंड जास.” गावी आले की नाना अहिराणीच बोलत. “आवाज नही जाई, तं तोंड कसाले धाडतस?” अक्का म्हणाली. नानांनी तिला देशाचं सांगितलं. तिकडे आपल्याला कसं दाखवतात ते सांगितलं, सापांचं सांगितलं. अक्कानं माझ्यापुढची एक चिंच उचलून सोलली. मग म्हणाली, “तुन्हा शब्द शे ना, भाऊ? मंग व्हई जाई.” आजही मला चिंचेचा तो वास आठवतो आणि वाटतं, मी त्या वेळी मध्ये बोलायला हवं होतं. पण काय बोलणार होते मी? मलाही विलायत पाहायची होती, निदान अक्काच्या डोळ्यांनी.

विलायतेत तोंड जाणार हे कळल्यावर गावच्या बायकांनी जे करायचं तेच केलं. लग्नातली लुगडी निघाली. शेजारणीकडचे गोठ, वाक्या, पुतळ्यांच्या माळा मागून घातल्या गेल्या. एकीनं तर सासूची नथ घातली होती आणि ती सारखी हातानं चाचपत होती. श्रीधरपंत यंत्र मांडून काठावर उभे होते. त्यांना आणि यंत्र फिरवणाऱ्याला तेवढी त्या दिवशी माफी होती. त्यांनी हा थाट पाहिला आणि हात जोडले. “मायबहिणींनो, दागिने चमकतात, त्यानं चित्र खराब होतं. एवढे काढून ठेवा.” ते म्हणाले ते काही अगदी खोटं नव्हतं, ऊन कडक होतं. बायका नाराज झाल्या. पण चित्र खराब व्हायला नको. दागिन्यांचं गाठोडं बांधून माझ्या मांडीवर ठेवलं गेलं, आणि म्हणून मी त्या चित्रात नाही. मग सुरू झालं. पहिल्यांदा सगळ्या लाजल्या. पण पल्याडच्या बायकांना यंत्राची काय पर्वा? त्यांनी तिकडून अशी काही शिवी हाणली की अक्का सगळं विसरली. पदर खोचून ती ओहळाच्या कडेला गेली, सासू गाढवावर बसवली आणि उघडे हात पसरून ओरडली, “दे! दे!” उन्हानं डोळे बारीक झालेले, कपाळावर घाम, घशाच्या शिरा ताणलेल्या. यंत्राची मूठ कुरकुर फिरत होती. श्रीधरपंतांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते उन्हाचं असेल असं मी तेव्हा धरून चालले.

चित्र विलायत फिरून धुळ्याला यायला वर्ष होत आलं. थेटरवाल्यानं नानांना सन्मानानं बोलावलं. चित्र मुकं, त्यात मधे मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या फक्त इंग्रजीत होत्या. त्या मराठीत करून भोंग्यातून लोकांना सांगायचं काम मास्तरांनी करावं अशी त्याची विनंती होती. नानांनी शाळेतले सगळे मास्तर बोलावले. माय आणि मी बायकांच्या बाजूला बसलो. पडद्याच्या कडेला पेटी-तबलेवाले, त्यांच्या शेजारी नाना, धुतलेला कोट घालून, हातात भोंगा. शेतं आली, हातमाग आला, देवळाचा घाट आला. नाना खणखणीत आवाजात पाट्या सांगत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. मग बोरी नदी आली. माय म्हणाली, “अय माय, आपली अक्का!” पडद्यावर अक्काचं तोंड केवढं तरी मोठं झालं होतं. पण त्या चित्रात पल्याडचा काठ नव्हता. सासूही नव्हती, गाढवही नव्हतं. तेवढी फीत कापून टाकली होती. होतं ते फक्त बारीक डोळ्यांचं, घामेजलेलं तोंड, पुढे आलेले उघडे हात, आणि ओठ: दे, दे, दे.

मग पाटी आली. मी तेव्हा इंग्रजी दुसरं पुस्तक वाचत होते. मला त्यातला एकच शब्द कळला, कारण तो नानांनीच आदल्या आठवड्यात घोकून घेतला होता. हंगर. भूक. बाकीचं मला नंतर कळलं: भुकेला हिंदुस्थान हात पसरून भाकरी मागत आहे. नानांनी भोंगा तोंडाला लावला आणि ते थांबले. पेटीवाला मान वर करून त्यांच्याकडे बघू लागला. मागून कोणीतरी ओरडलं, “मास्तर, वाचा ना!” आणि नानांनी वाचलं: “आखाजीच्या सणाला खानदेशच्या मायबहिणी नदीवर गाणी गात आहेत.” थेटर टाळ्यांनी दणाणलं. माय हसत होती, रडत होती. पुढच्या रांगेतल्या दोन वकिलांनी एकमेकांकडे पाहिलं, ते मी पाहिलं. घरी आल्यावर नाना पाय धुऊन उंबऱ्यावर बसले आणि मायला म्हणाले, “मी आज खोटं वाचं व.” धुळ्यातल्या घरात नानांच्या तोंडून अहिराणी यायची ती फक्त दुःखात.

त्यांनी श्रीधरपंतांना पत्र लिहिलं. उत्तर आलं ते चांगलं चार पानी होतं. नाना गेल्यावर त्यांच्या पेटीत मला ते मिळालं आणि मी ते इतक्यांदा वाचलं आहे की पाठ झालं आहे. त्यातलं एवढंच देते: “आपल्या भगिनीचे हात पाहून तिकडच्या सभागृहात स्त्रिया रडल्या, मास्तर. मी डोळ्यांनी पाहिलं. खाऊनपिऊन सुखी असलेल्या, गाणाऱ्या बायका दाखवल्या असत्या तर ते म्हणाले असते, हे लोक आनंदात आहेत, यांना स्वराज्य कशाला हवं? त्यांना आपली कीव येईल तेव्हाच ते आपलं ऐकतील. देशासाठी एवढं सोसावं ही नम्र विनंती.” आठ दिवस विचार करून नानांनी एका ओळीचं पत्र टाकलं: आपण माझ्या बहिणीला विचारलं नाही. त्याला उत्तर आलं नाही.

आणि भूक काय आमच्या मुलखात नव्हती? सातपुड्याच्या पायथ्याच्या बायका मोळ्या घेऊन धुळ्यापर्यंत चालत यायच्या. त्यांच्या बरगड्या मोजता यायच्या. माय त्यांना भाकरी द्यायची, तर त्या हात पसरत नसत. मोळी खाली ठेवून वाट बघत आणि भाकरी घेतली तर जाताना उंबऱ्यावर मूठभर चारोळी ठेवून जात. खरी भूक दाखवायची होती तर तिथे जायचं होतं. पण ती बाई यंत्रापुढे हात पसरून उभी राहिली नसती, म्हणून मांडे खाऊन आलेल्या बाईचे हात उसने घेतले. परवा माझा नातू परदेशातून आला होता. तो म्हणाला, तिथे लोक त्याला विचारतात, तुमच्याकडे लग्नात सगळे डोंगरावर जाऊन नाचतात का? आपल्याच सिनेमांनी ही तोंडं तिकडे पाठवलेली. तो हसत होता. मला काही फारसं हसू आलं नाही.

नानांच्या धास्तीप्रमाणे चित्र जळगावला गेलं. घोळ नानांनीच करून ठेवला होता. चित्र यायच्या आधी त्यांनी अक्काच्या सासऱ्यांना, तात्यांना, मोठ्या अभिमानानं कळवलं होतं की तुमची सून विलायतेला पोचली. तात्या आपल्याबरोबर बाजारातले चार मानाचे लोक घेऊन थेटरात गेले. तिथे पाट्या वाचायला नाना नव्हते. तिथल्या वाचणाऱ्यानं जे लिहिलं होतं तेच वाचलं. तात्या मधूनच उठून बाजूच्या दारानं बाहेर पडले, आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला दोन ओळींचं पत्र आलं: सूनबाई यापुढे आखाजीला माहेरी येणार नाहीत, गाडी पाठवू नये.

नाना सर्व्हिस मोटारीनं जळगावला निघाले. मला का नेलं ते त्यांनी सांगितलं नाही. एकट्यानं जायचा धीर नसेल. तात्यांचं घर कापसातली सरकी काढणाऱ्या जिनजवळ, त्यामुळे बोलणं चालू असताना मागे सारखी जिनची धडधड. तात्या बैठकीवर बसलेले. अक्काची सासू, तिला जिजी म्हणत, आतल्या दाराशी सूप घेऊन गहू निवडत होती. जिजी मोठी करारी बाई; तिला हसताना कोणी पाहिलं नव्हतं. तिच्या मागे, अर्धी भिंतीआड, अक्का. मी तिला ओळखलं नाही. पदर छातीपर्यंत ओढलेला, त्यातून फक्त हाताची बोटं दिसत होती.

“मन्ही सून सात समिंदरपार भीक मांगस,” तात्या म्हणाले, “हाई बठ्ठा जळगावनी देखं.”

“तात्या, ती भीक नही. आखाजीनं गानं शे ते,” नाना म्हणाले.

“पाटी खोटी व्हई एक वखत. मी ओठ देखात. दे, दे म्हनस ती.”

“जवाब दे, असं म्हनस.”

“कसाना जवाब? आधी ती काय म्हननी? ते सांगा.”

नाना पुरुष, त्या दिवशी नदीवर गेलेले नव्हते. आणि जे कानावर असेल ते सासऱ्यासमोर, सासूसमोर कसं उच्चारणार? मला ती शिवी पाठ होती. मी तोंड उघडलं, तर नानांनी माझं मनगट आवळलं. त्यांना वाटलं असेल, भिकेचा डाग जायचा आणि दुसरा बसायचा. सासूला गाढवावर बसवलं हे सासूलाच कोण सांगणार? तात्यांनी पानाचा डबा ओढला, म्हणजे बोलणं संपलं. नाना उठायला लागले.

तेव्हा अक्का भिंतीआडून पुढे आली. पदर तसाच. तिनं आधी जिजीच्या पायांना हात लावला आणि मग बैठकीच्या मधोमध उभी राहून, नदीच्या पलीकडे पोचेल अशा आवाजात ती म्हणाली, “तुन्ही सासू गधडावर बसनी, शेपूट धरीसन गावभर हिंडनी!” आणि दोन्ही हात पुढे पसरले. “दे!”

जिन धडधडत होतं. तात्यांच्या हातातलं पान तसंच राहिलं. मला वाटलं, आता हिला या घरातूनही घालवतील आणि माहेरचं तर बंदच झालेलं. अक्कानं हात खाली घेतले नाहीत. जिजी खाली मान घालून बसली होती. तिनं सुपातला एक खडा काढला, बाजूला टाकला. मग मान वर न करता, अगदी सपाट आवाजात, जसं काही घरातलं रोजचं बोलावं तसं ती म्हणाली, “तुन्हा सासरा म्होरे दोर धरीसन चालना, गधडं बोलनं, हाऊ कोन मना पाव्हना.”

जिजीचं माहेर गिरणेच्या काठचं होतं, हे मला नंतर कळलं. चाळीस वर्षांपूर्वी तीही काठावर उभी राहिलेली. तात्यांकडे बघून ती म्हणाली, “हाई भीक नही. मी भी म्हनेल शे.” आणि परत गहू निवडू लागली. तात्या उठले, पायात जोडे सरकवले आणि जिनकडे निघून गेले. अक्का तिथेच खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नाना तिच्याजवळ गेले, पण त्यांना हात लावायचं धाडस झालं नाही. “मन्ही चूक शे, अक्का,” ते म्हणाले. ती म्हणाली, “तू काय करशी, भाऊ. तुले भी फसाडं.”

परतीच्या मोटारीत एरंडोल मागे पडेपर्यंत नाना खिडकीबाहेर बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आठे जिजी व्हती. तठे विलायतमा कोन शे?” त्यानंतर त्यांनी चित्र पाहणं सोडलं. चरखा चालू ठेवला, सभांना जात राहिले, एकदा तुरुंगातही जाऊन आले. पण कोणी देशाची कीव करणारं भाषण केलं की ते उठून बाहेर येऊन उभे राहत.

चैत्र संपता संपता तात्यांचा निरोप आला: आखाजीला गाडी पाठवा. अक्का आली. या वेळी घुंगरं आधी ऐकू आली. झोका झाला, मांडे झाले, मांडे नेहमीसारखेच कोपरापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही नदीवर गेलो. गौराई बोळवली, पल्याडून पहिली शिवी आली, आणि अक्का पदर खोचून ओहळाच्या कडेला गेली. तिनं सासूला गाढवावर बसवलं, आवाजही तोच. “दे!” म्हणाली. पण हात वर आले नाहीत. तिनं ते दोन्ही कमरेवर रोवून धरले होते. मागच्या बायकांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पसरायला उचललेले हात एकेकीनं कमरेवर नेले. पल्याडून कोणीतरी ओरडलं, “काय व, हात घर ठेई उन्यात का?” अक्का ओरडली, “आते हात नही पसारू!” तिकडच्यांना काही कळलं नाही. त्या हात पसरून दे दे करत राहिल्या.

अक्का जाऊन आता फार वर्षं झाली. गेल्या आखाजीला नातसुनेनं मला गाडीत घालून गावी नेलं. नदीला पाणी नव्हतंच. काठावर पोरी उभ्या होत्या, कोणी पाचवारीत, कोणी पंजाबी ड्रेसमध्ये. शिव्या नव्या होत्या, चाल जुनी. “दे!” म्हणताना सगळ्यांचे हात कमरेवर होते. पल्याडच्या हात पसरत होत्या. मी जवळच्या एका पोरीला विचारलं, “काय व, त्या हात पसारतस, तुम्ही का नही?” तिला माझा प्रश्न वेडगळ वाटला असावा.

“आपला गावनी रीत शे ती, आजी,” ती म्हणाली. “पयलेपासून.”